चार मिलिमीटर

विनायक,

वहिनींचा फोन आला तेव्हा मी शर्टाला इस्त्री करत होतो. सात वाजून दहा मिनिटं झाली होती, कंपनीची बस पावणेआठला येते आणि एक बाही राहिली होती. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले." मी विचारलं, "कुठे?" खरंच विचारलं. मग मी "आलो" म्हणालो, फोन ठेवला आणि राहिलेल्या बाहीला इस्त्री केली. कडा जुळवून, दोन्ही बाजूंनी, कफसुद्धा. तो शर्ट अंगात घातला, सगळी बटणं लावली आणि दोन मजले उतरून तुझ्याकडे आलो. तू हॉलमध्ये होतास. टीपॉयवर चहाचा कप होता, अर्धा. बिल्डिंगमधले सगळे घरच्या कपड्यांत धावत आले होते आणि मी एकटाच मुलाखतीला आल्यासारखा उभा होतो. यावर तू काय बोलला असतास ते मला माहीत आहे. तू काहीच बोलला नाहीस.

आज बारा दिवस झाले. माझ्या डोक्यात अजून ते शिरत नाही. पंचावन्न वर्षांचा माणूस, साखर नाही, बीपी नाही, रोज सकाळी टेकडी चढून येणारा आणि लिफ्टने जाणाऱ्यांना टोमणे मारणारा. डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, कुणी काही करू शकलं नसतं. ठीक आहे. ते वाक्य मी रोज स्वतःला ऐकवतो आणि रोज त्यानंतर खाली जाताना तुझ्या दाराशी पाय रेंगाळतात, तू बाहेर येऊन काहीतरी खवचट बोलशील म्हणून.

तू गेलास त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तू पार्किंगमध्ये स्कूटरचा प्लग घासत बसला होतास. मी तुला गेटमधूनच पाहिलं आणि मागच्या जिन्याने वर गेलो. आपलं बोलणं बंद होतं. चार दिवसांपासून. चार मिलिमीटरवरून.

भेटायला येणारे सगळे म्हणतात, देवमाणूस होता. वहिनींनी हे इतक्या वेळा ऐकलंय की परवा त्या मला हळूच म्हणाल्या, "कोणाबद्दल बोलतात हो हे?" तू देवमाणूस अजिबात नव्हतास. तू एक नंबरचा खवचट, हट्टी आणि मोजमापाच्या बाबतीत असह्य माणूस होतास. पोळीची जाडी काढणारा नवरा मी दुसरा पाहिलेला नाही. अकरा वर्षं मी तुला सहन केलं आणि आता तू नाहीस तर मला दिवसभर काय करायचं ते कळत नाही.

आपली ओळखसुद्धा भांडणाच्या तयारीतच झाली. मी या बिल्डिंगमध्ये नवा होतो. रोज संध्याकाळी तुझ्या गॅलरीतून खर्र, खर्र असा आवाज यायचा. एके दिवशी मी न राहवून खाली आलो आणि बेल वाजवली. तू दार उघडलंस, हात कोपरापर्यंत राखाडी. मी तोंड उघडायच्या आत म्हणालास, "आवाजाची तक्रार असेल तर सेक्रेटरींकडे द्या. त्यांच्याकडे माझी फाइल आहे."

"तक्रार नाही. हे काय चाललंय ते विचारायला आलोय."

"आरसा घासतोय."

"आरसा बाजारात मिळतो की."

"तोंड बघायचा मिळतो," तू म्हणालास, आणि मला आत घेतलंस.

वाळू भरलेलं एक पिंप, त्यावर काचेच्या दोन जाड चकत्या, मध्ये काच घासायची कार्बोरंडमची पूड आणि पाणी. तू वरची चकती पुढेमागे घासत पिंपाभोवती फिरत होतास. सहा इंची आरसा, चौदा महिने. भोसरीच्या टूलरूममध्ये दिवसभर लोखंडाशी मारामारी करून यायचास आणि संध्याकाळी काचेभोवती प्रदक्षिणा घालायचास. वहिनी म्हणायच्या, "पोह्यांत खोबरं कमी आणि ती पूड जास्त लागते." शेवटच्या दोन महिन्यांत लाल पॉलिश आलं आणि घरातले सगळे टॉवेल गुलाबी झाले. मग एक दिवस तू वर आलास, दारातच उभा राहिलास आणि म्हणालास, "अकराशे अठ्ठ्याण्णव." मी म्हटलं, "म्हणजे?" "फोकल लेंथ. आरशापासून चित्र किती लांब पडतं ते. बाराशे मिलिमीटर धरून घासला होता, अकराशे अठ्ठ्याण्णव आला." तुला मी त्याआधी आणि त्यानंतर इतका खूश पाहिलेला नाही. पेढे आणले होतेस, तेही मोजून.

दुर्बिणीची नळी तू बुधवार पेठेतल्या एका भंगारवाल्याकडून घेतलीस, ॲल्युमिनियमची, तुझ्या छातीपर्यंत उंच. ती चादरीत गुंडाळून आपण स्वारगेटवरून बसने आणली. कंडक्टरने विचारलं, "आत काय आहे?" तू म्हणालास, "सध्या काही नाही. नंतर आकाश." तो बिचारा बराच वेळ तुझ्याकडे बघत राहिला आणि मग त्याने सामानाचं तिकीट फाडलं. तू ते तिकीट मागून घेऊन माझ्या खिशात ठेवलंस, "आकाशाचं तिकीट आहे, जपून ठेव," म्हणालास. मी हरवलं. माझ्याकडे काही टिकत नाही, हे तू वहिनींना नेहमी सांगायचास.

माझी आई अकोल्याहून उपचारांसाठी माझ्याकडे आली होती, तो तिचा शेवटचा हिवाळा. तिला गच्चीवर नेणं शक्य नव्हतं. तू न विचारता संध्याकाळी ती अख्खी दुर्बीण पाठीवर घेऊन पार्किंगमध्ये आणलीस, तिच्या खुर्चीच्या उंचीला स्टँड छाटलंस, आणि चंद्र लावून दिलास. तिने खूप वेळ पाहिलं. मग म्हणाली, "हे तं करपलेल्या भाकरीसारखं दिसून रायलं." तू एवढा हसलास की वॉचमन धावत आला. त्यानंतर ती असेपर्यंत तू रोज यायचास आणि म्हणायचास, "काकू, भाकरी बघायला चला." याबद्दल मी तुझे आभार मानले नाहीत. तेव्हा वाटलं, मानायचे काय, रोजच तर भेटतो.

मग मी कॅमेरा घेतला. सगळं बिघडलं ते माझ्या कॅमेऱ्यामुळे. तुझं म्हणणं सरळ होतं, "डोळ्याने बघ की, फुकट आहे." मी म्हणायचो की डोळ्याला जे दिसत नाही ते फोटोत येतं, तेजोमेघाचे रंग येतात, आपण काय पाहिलं ते इतरांना दाखवता येतं. तू म्हणायचास, "इतरांना दाखवायचंय हे आधी सांगायचं ना." दोन वर्षं आपण यावर भांडलो. तू हरला नाहीस, पण एक दिवस मी तुला म्हटलं की न्यूटनच्या पद्धतीच्या, आरशाच्या दुर्बिणीला कॅमेरा लावणं हे घरच्या घरी जमण्यासारखं काम नाही, तेव्हा मात्र तू फसलास. "कोण म्हणतं?" म्हणालास आणि त्याच दिवशी मापं घ्यायचा व्हर्निअर घेऊन बसलास.

अडचण काय होती ते मी परवा वहिनींना समजावून सांगितलं. तेच इथे लिहितो, कारण हे त्याही वाचणार आहेत. नळीच्या तळाशी आरसा. तो आकाशातला उजेड गोळा करून वर पाठवतो. वरचा छोटा तिरका आरसा तो उजेड नळीच्या बाजूने बाहेर काढतो आणि तिथे, नळीच्या बाहेर थोड्या अंतरावर, चित्र तयार होतं. आयपीस, म्हणजे डोळ्याजवळचं भिंग, लावून डोळ्याने बघायचं असेल तर तेवढं अंतर पुरतं. पण कॅमेऱ्याचा सेन्सर कॅमेऱ्याच्या पोटात खोल असतो, तिथपर्यंत चित्र पोचतच नाही. ते आणखी बाहेर काढायचं तर तळातला आरसा वर सरकवायला हवा, आणि त्यासाठी नळी खालून कापायला हवी. किती कापायची हे चित्र नेमकं कुठे पडतं त्यावर ठरतं. ते शोधून खूण करायचं काम तू माझ्यावर सोपवलंस.

आणि कसं करायचं तेही सांगितलंस. "आयपीस काढून टाक. चंद्रावर लाव आणि भोकासमोर बटर पेपर धर. शर्टाच्या बटणाएवढा चंद्र कागदावर पडेल. जिथे सगळ्यात रेखीव दिसेल तिथे खूण कर. डोळ्याने करू नकोस. डोळा प्रत्येकाचा वेगळा, कागद सगळ्यांना सारखा."

मी दिवेलागणीला गच्चीवर गेलो. कागद धरला, तो वाऱ्याने फडफडला. परत धरला, हात हलला. बटणाएवढा चंद्र कागदावर नाचत होता आणि मला दहा मिनिटांत कंटाळा आला. मी आयपीस लावला, चष्मा काढून खिशात ठेवला, फोकस केलं. चंद्र असा लख्ख दिसला की एकेक खड्डा मोजावा. मला वाटलं, याहून अचूक काय असणार? आयपीस आतबाहेर सरकवायच्या जुन्या फोकसरच्या नळीवर पेन्सिलने बारीक खूण केली आणि बाकीचं अंतर त्या खुणेवरून आणि तुझ्या अकराशे अठ्ठ्याण्णववरून काढलं. माझा चष्म्याचा नंबर साडेसहा आहे. चष्मा लावून आयपीसला डोळा टेकत नाही, म्हणून मी पहिल्यापासून चष्मा काढूनच बघतो. ते मला इतकं अंगवळणी पडलंय की त्या दिवशी मनातसुद्धा आलं नाही.

रविवारी सकाळी तू नळी कापायला घेतलीस. गॅलरीत सतरंजी, नळीभोवती मास्किंग टेप, टेपवर तुझी रेघ. मी नळी धरून बसलो होतो. हॅक्सॉ टेकवलास आणि थांबलास.

"बटर पेपरवर घेतलंस ना?"

"हो रे बाबा."

तू कापलंस. बेचाळीस मिलिमीटर, रेघेच्या बाहेर एक केसही न जाता.

विन्या, मी हे खोटं का बोललो? मोठं कारण काहीही नाही. खरं सांगितलं असतं तर तू हॅक्सॉ खाली ठेवला असतास, मला अर्धा तास ऐकवलं असतंस, "अकोल्यात कागद मिळत नाही का," वगैरे, आणि पुढच्या चंद्रापर्यंत काम थांबवलं असतंस. मला ते भाषण टाळायचं होतं. इतकंच. मी बावीस वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढायची नोकरी करतोय. "टेस्ट केलंस का?" असं विचारल्यावर न करता "हो" म्हणणारी पोरं मी रोज पकडतो आणि झापतो.

जुना फोकसर कॅमेऱ्याच्या वजनाने झुकायचा, म्हणून तू लेथवर नवी रिंग बनवलीस, आट्यांची. ती फिरवली की कॅमेरा किंचित आतबाहेर व्हायचा, एकूण तीन मिलिमीटर. मी म्हटलं, थोडी जास्त जागा ठेव. तू म्हणालास, "मोजमाप बरोबर असेल तर एक मिलिमीटरही पुरतो." तुझा माझ्या मोजमापावर विश्वास होता.

खडकवासल्याच्या पुढे, तुझ्या मेव्हण्याच्या शेतात आपण पहिला फोटो काढला. अंधार पडला होता, तू डब्यातून थालीपीठ काढत होतास. मी स्क्रीनवर बघितलं. एकही तारा ठिपक्यासारखा नव्हता. सगळे गोल, मध्ये भोक. तू वाकून बघितलंस आणि म्हणालास, "मेदूवडे. सांबार कुठे आहे?" आपण रिंग पूर्ण बाहेर फिरवली. वडे थोडे लहान झाले, पण वडेच राहिले. तू टॉर्च तोंडात धरून कागदावर हिशेब केलास. चित्र ठरल्यापेक्षा चार मिलिमीटर बाहेर पडत होतं. आणि तुझा चेहरा बदलला.

परत येताना गाडीत मी म्हणालो, "चार मिलिमीटरची एक चकती बनव, मध्ये टाक, विषय संपला."

"विषय संपेल. चूक कुठे संपली? चार मिलिमीटर आले कुठून?"

"मला काय माहीत?"

"चार मिलिमीटर म्हणजे आमच्या धंद्यात चार किलोमीटर. हाताच्या थरथरीने येत नाहीत ते. कुणाचा तरी आकडा मुळातच चुकलाय."

"मग तुझ्या आरशाचा असेल."

"माझा आरसा अकराशे अठ्ठ्याण्णव आहे."

"तू मोजलास म्हणून आहे. अकरा वर्षांपूर्वी, गॅलरीत बसून."

सिंहगड रोडवर सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तू अगदी शांतपणे विचारलंस, "कागदावर घेतलं होतंस ना?"

तेव्हा सांगता आलं असतं. गाडीत दोघंच होतो. पण आता ती थापही राहिली नव्हती, ती माझी बाजू झाली होती. मी ओरडलो, "किती वेळा विचारशील? हो म्हटलं ना!"

तू मान हलवलीस. आता कळतंय की त्या सिग्नलला तू माझं म्हणणं मान्य केलंस. कागदावर घेतलं असेल तर माझी खूण चुकणार नाही, आणि नळी तर तूच कापली होतीस. मग राहिला फक्त आरसा.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. दुसऱ्या दिवशी आपल्या आकाशनिरीक्षणाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी विचारलं, फोटो कसे आले? मी लिहिलं, "आरशाची फोकल लेंथ परत मोजायला लागणार. शेवटी घरगुती आरसा आहे, थोडंफार चालायचंच." दोघातिघांनी हसण्याचे चेहरे टाकले. तू अंगठा दाखवलास. "ओके" एवढं लिहिणाऱ्यालासुद्धा "पूर्ण वाक्याचे पैसे पडतात का" असं विचारणारा तू, आणि फक्त एक अंगठा. मी तो पाहिला आणि फोन खिशात टाकला. त्यानंतरचे चार दिवस तुला सांगितलेच.

वहिनींचा फोन आला त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. तू गेलास, ते माझ्या हातात नाही. पण जाताना तुझ्या मनात तुझ्या आरशाबद्दल शंका नसावी. माझं बोलणं तू नेहमीसारखं कचऱ्यात टाकलेलं असावंस. "याला काय कळतंय," असं मनात म्हणून तू झोपलेला असावास. तू माझ्या कितीतरी गोष्टी हसण्यावारी नेल्यास, ही एवढी न्यायला हवी होतीस.

नवव्या दिवशी वहिनींनी मला बोलावलं. तुझ्या वस्तूंची आवराआवर चालू होती. त्यांनी बायनॉक्युलर पुढे केला, "हा तुम्ही ठेवा. चालतोय ना बघून घ्या." मी गॅलरीत उभा राहिलो, चष्मा काढून खिशात ठेवला, टेकडीवरच्या मोबाइल टॉवरवर लावला, चाक फिरवलं. स्वच्छ. "चांगला आहे की," म्हणून त्यांच्या हातात दिला. त्यांनी डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, "मला तर काहीच दिसत नाही." चाक फिरवू लागल्या. "तुम्ही बघितलंत की मला हे नेहमी परत फिरवावं लागतं. तुमचा चष्मा केवढा जाड."

त्या बोलत होत्या, टॉवरवर दोन घारी आहेत असं काहीतरी, आणि मी तिथल्या स्टुलावर बसलो. वहिनींना वाटलं, मला तुझी आठवण आली. पाणी आणायला गेल्या.

डोळा प्रत्येकाचा वेगळा. साडेसहाचा नंबर उघड्या डोळ्यावर घेऊन मी जे लख्ख पाहिलं होतं, ते माझ्या डोळ्यापुरतं लख्ख होतं. मी फोकसर जास्त आत ढकलला होता आणि तिथे खूण केली होती. मोबाइलवर हिशेब केला. पंचवीस मिलिमीटरचा आयपीस, साडेसहाचा नंबर. उत्तर चार मिलिमीटर.

मी वहिनींना विचारलं, आरसा कुठे आहे? त्या म्हणाल्या, आतल्या खोलीत, कुणाला हात लावू दिलेला नाही. मी दार उघडलं. भिंतीशी लाकडी स्टँडवर आरसा उभा होता, वर नॅपकिन. खोलीच्या दुसऱ्या टोकाला स्टूल, त्यावर टॉर्च, टॉर्चच्या तोंडाला फॉइल आणि फॉइलला सुईचं भोक. शेजारी दाढीचं पातं, ठोकळ्याला चिकटवलेलं. जमिनीवर मोजायची टेप, गुंडाळलेलीच.

"बुधवारी मांडून ठेवलं," वहिनी म्हणाल्या. "मी म्हटलं, आता जेवायला चला. तर म्हणाले, बरं, उद्या सकाळी चहा झाला की मोजतो."

मी खाली बसलो. चहा व्हायचा होता, विन्या. अर्धा कप.

मग आम्ही दोघांनी मोजलं. पडदे ओढून घेतले, टॉर्च लावला. आरशातून परत येणारा उजेडाचा ठिपका पात्याच्या धारेवर घेतला, तू मला दाखवलं होतंस तसा, आणि जिथे तो नेमका मिटतो ती जागा धरली. वहिनींनी टेपचं एक टोक आरशाशी धरलं. दोन हजार तीनशे शहाण्णव. परत मोजलं. परत मोजलं. त्याचं निम्मं करायचं असतं. निम्मं करायला मला कागद लागला, कारण डोळ्यांना दिसत नव्हतं.

मी वहिनींना सांगितलं. सगळं. कागद, वारा, चष्मा, तू दोनदा विचारलंस आणि मी दोनदा हो म्हणालो. त्या टेप गुंडाळत ऐकत होत्या.

"म्हणजे हे बरोबर होते?"

"हो."

"पूर्ण?"

"पूर्ण. एका मिलिमीटरचाही फरक नाही."

"मग आता त्यांना कोण सांगणार?" वहिनी म्हणाल्या.

काहीतरी करायचं म्हणून मी आरसा परत बसवायला घेतला. दोन्ही हातांनी उचलला, पालथा केला. काचेच्या पाठीवर तुझ्या अक्षरात आकडा होता, ११९८, जुन्या काळ्या मार्करने, कडा फिकट झालेल्या. आणि त्याच्या पुढे निळ्या शाईत, ताजं, एक प्रश्नचिन्ह.

निळा मार्कर टेबलावर पडला होता, टोपण न लावलेला.

मी तुझ्या हातचे शेकडो आकडे पाहिलेत. नळीवर, भिंतीवर, पाकिटांच्या पाठीवर, एकदा तर माझ्या लग्नाच्या वाढदिवसाच्या केकच्या खोक्यावर. एकाही आकड्यापुढे प्रश्नचिन्ह नव्हतं. तू शंका घेऊन गेलास. चौदा महिने घासलेल्या आरशावर तुझा विश्वास उरला नव्हता, आणि माझ्या "हो"वर होता.

मी कपाटातून स्पिरिटची बाटली काढली, कापसाचा बोळा भिजवला. फक्त ते चिन्ह पुसणार होतो. आकड्याला धक्का लागू दिला नसता. वहिनींनी माझं मनगट धरलं.

"नका पुसू."

"वहिनी, ते माझ्यामुळे आहे. खोटं आहे ते."

"असेल. पण त्यांच्या हातचं ते शेवटचं आहे."

मी बोळा टाकून दिला. आरसा तसाच बसवला, तीन स्क्रू लावले, झाकण लावलं. त्यानंतर ग्रुपवर लिहिलं की आरशात काही दोष नाही, मोजमाप मी चुकवलं आणि त्याबद्दल विनायकशी दोनदा खोटं बोललो. सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. कुणी मला शिव्या दिल्या नाहीत. तू दिल्या असत्यास.

वहिनींनी विचारलं होतं, कोण सांगणार? त्यांना वाटतं, कुणीच नाही. मलाही दुसरं कुणी दिसत नाही, म्हणून हे लिहायला बसलो आणि इतकं सगळं लिहून झालं तरी जे लिहायचं ते शेवटालाच ढकलत आलो. आरसा बरोबर आहे, विन्या. अकराशे अठ्ठ्याण्णव. मी कागद धरला नव्हता.